डाव संपतो कधी? पोकरच्या अजिंक्यपदाची पहिली वर्षे

आमच्या आजोळी लक्ष्मीपूजनाच्या रात्री पत्ते काढण्याची रीत होती. सुरुवात रमीने होई आणि मुले पेंगू लागली की मोठी माणसे तीन पत्तीवर येत. पैज रुपया-दोन रुपयांपलीकडे जात नसे. पण खेळ नेमका थांबवायचा केव्हा, यावर दरवर्षी वाद ठरलेला असे. हरत असलेल्या मामाला आणखी दहा डाव हवे असत, जिंकत असलेल्या मावशीला नेमक्या त्याच वेळी जांभया येऊ लागत, आणि अखेर आजी दिवा मालवायला उठली म्हणजे जो तो आपापली चिल्लर गोळा करी. कोण किती पैसे घेऊन बसले होते हे कोणालाच ठाऊक नसल्यामुळे त्या रात्री कोण जिंकले, याचे उत्तर प्रत्येकाचे वेगळे असे.

पुढे पोकरच्या विश्वअजिंक्यपदाचा आरंभीचा इतिहास वाचू लागलो, तेव्हा आजीच्या ओसरीवरचा हाच प्रश्न लास व्हेगासच्या नामांकित जुगाऱ्यांनाही पडला होता, हे पाहून मला मोठी गंमत वाटली. मी स्वतः पैसे लावून खेळत नाही. पणजीला मांडवीत नांगरलेल्या कॅसिनोंची रोषणाई मी काठावरूनच पाहिली आहे. मला कुतूहल आहे ते एका नियमाचे. कुस्तीत पाठ टेकली की निकाल लागतो, बुद्धिबळात शह बसलेल्या राजाला सुटायला वाट उरली नाही की डाव मिटतो. रोख पैशांच्या पोकरला मात्र असा शेवटच नाही. समोरचे पैसे संपले तर खिशात हात घालून नवे काढावेत, कंटाळा आला की उठून जावे आणि रिकाम्या झालेल्या खुर्चीत दुसऱ्या कोणी येऊन बसावे, अशीच त्याची रीत आहे. अशा खेळात सर्वांत श्रेष्ठ कोण हे ठरवायचे तरी कसे? १९७० पासून पुढच्या तेरा-चौदा वर्षांत वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर या स्पर्धेने या प्रश्नाची एकामागून एक उत्तरे काढून पाहिली.

या स्पर्धेची पूर्वपीठिका म्हणून एक आख्यायिका नेहमी सांगितली जाते. १९४९ च्या सुमारास निक डँडोलस नावाचा, 'निक द ग्रीक' म्हणून ओळखला जाणारा बडा जुगारी लास व्हेगासला आला आणि आपल्याशी एकट्याने, कितीही मोठ्या पैजेवर खेळेल असा प्रतिस्पर्धी त्याने मागितला. बेनी बिनियन याने टेक्सासहून आपला बालमित्र जॉनी मॉस याला बोलावून घेतले. दोघे जण झोपेपुरते उठत पाच महिने खेळले, बघ्यांची गर्दी उसळली, आणि वीसेक लाख डॉलर गमावल्यावर डँडोलस खुर्चीवरून उठून म्हणाला, ''मिस्टर मॉस, आता मला तुमची रजा घेतली पाहिजे.'' कथा सुरेख आहे. तिच्यात अडचण एवढीच, की ज्या हॉर्सशू कॅसिनोत हा सामना झाल्याचे सांगतात, तो बिनियनने उघडलाच १९५१ साली. आणि एवढी गर्दी जमवणाऱ्या सामन्याचा भक्कम समकालीन पुरावा अभ्यासकांच्या हाती लागलेला नाही. मी ही कथा खरी धरत नाही. तरी तिच्यातला शेवट लक्षात ठेवण्याजोगा आहे. खेळ संपला तो कोणत्याही नियमाने नव्हे, तर एक माणूस थकून उठला म्हणून.

बेनी बिनियन हा माणूस साधा हॉटेलवाला नव्हता. १९०४ साली टेक्सासमध्ये जन्मलेल्या बिनियनने डॅलस शहरात बेकायदा जुगाराचे मोठे जाळे उभे केले होते आणि १९३१ साली एका खुनाच्या खटल्यात तो दोषीही ठरला होता. शिक्षा मात्र स्थगित झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर डॅलसमधले वारे फिरल्यावर तो कुटुंबकबिला घेऊन नेवाडात आला, कारण तिथे जुगार कायदेशीर होता. फ्रीमाँट स्ट्रीटवरच्या त्याच्या हॉर्सशूमध्ये गालिचा, चांगले जेवण आणि मोठ्या पैजा या तिन्ही गोष्टींची चंगळ होती. इतर कॅसिनो गिऱ्हाइकाला पैजेची कमाल मर्यादा घालत. बिनियनकडे ज्याने त्याने लावलेली पहिली रक्कम हीच त्याची मर्यादा मानली जाई. पुढे करचुकवेगिरीपायी त्याला १९५३ पासून काही वर्षे तुरुंगात काढावी लागली आणि कॅसिनोचा परवाना पुन्हा त्याच्या नावावर कधीच झाला नाही. कारभार मुलांनी, विशेषतः जॅक बिनियनने पाहिला. बिनियनला एक गोष्ट पक्की कळली होती, ती म्हणजे लोकांना पैसा नुसता पाहायलाही आवडतो. दहा हजार डॉलरच्या शंभर नोटा त्याने घोड्याच्या नालाच्या आकाराच्या चौकटीत काचेआड मांडल्या होत्या. त्या दहा लाखांपुढे उभे राहून कोणालाही फुकट छायाचित्र काढून मिळे. छायाचित्र तयार व्हायला वेळ लागे, आणि तोवर गिऱ्हाईक साहजिकच यंत्रांपाशी आणि टेबलांपाशी घुटमळत राही.

मूळ कल्पना मात्र बिनियनची नव्हती. १९६९ साली रीनो शहरातल्या हॉलिडे कॅसिनोचा मालक टॉम मूर याने मंदीच्या दिवसांत धंद्याला उठाव यावा म्हणून टेक्सासच्या जुगाऱ्यांचा एक मेळावा भरवला. हे जुगारी म्हणजे त्या काळातली एक स्वतंत्र जमात होती. डॉयल ब्रन्सन, अमरिलो स्लिम प्रेस्टन आणि सेलर रॉबर्ट्स हे तिघे भागीदारीत, एकाच गाठोड्यातले पैसे लावत, टेक्सासच्या गावोगाव मोटारीने हिंडत. गावातला डाव कुठे बसतो याचा माग काढायचा, तिथल्या श्रीमंतांना हरवायचे आणि पैसे घेऊन सुखरूप गावाबाहेर पडायचे, असा त्यांचा उद्योग होता. यातले शेवटचे काम सर्वांत अवघड, कारण वाटेवर पोलीस, पत्त्यांत हातचलाखी करणारे लबाड आणि बंदुका घेऊन डाव लुटणारे दरोडेखोर, असे तिघेही टपलेले असत. अशा माणसांना एका छपराखाली, दिवसाढवळ्या आणि कायद्याच्या संरक्षणात खेळायला मिळणे ही मोठीच नवलाई होती. मूरने पुढे कॅसिनो विकला, आणि बिनियन पितापुत्रांनी तो मेळावा १९७० साली आपल्या हॉर्सशूमध्ये आणून त्याला बेसबॉलच्या प्रसिद्ध मालिकेवरून भारदस्त नाव दिले, 'वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर'.

नाव मोठे असले, तरी त्या पहिल्या वर्षी स्पर्धा अशी नव्हतीच. पोकरच्या निरनिराळ्या प्रकारांचे रोख पैशांचे डाव काही दिवस चालले आणि शेवटी सर्वांत चांगला खेळाडू कोण यावर खेळाडूंनीच मतदान केले. पहिल्या फेरीत प्रत्येकाने स्वतःलाच मत दिले, म्हणून मग 'दुसऱ्या क्रमांकाचा कोण' असे विचारावे लागले, ही हकीकत सगळीकडे सांगितली जाते. ती शब्दशः खरी असेल असे नाही. पण ज्याने तिची रचना केली त्याला जुगाऱ्याचा स्वभाव नक्कीच ठाऊक होता. निवड झाली ती बासष्ट-त्रेसष्ट वर्षांच्या जॉनी मॉसची. त्याला रुप्याचा चषक मिळाला. जाणत्यांच्या दृष्टीने निवड अचूक होती. मात्र बाहेरच्या माणसाला तिच्यात पाहण्यासारखे काहीच नव्हते. वृत्तपत्रांनी छापायचे काय? तालमीतल्या मल्लांनी कुस्ती न लावता आपसांत हात वर करून हिंदकेसरी ठरवावा, तशातलाच तो प्रकार होता.

लॉस एंजेलिस टाइम्सच्या एका बातमीदाराने हे बिनियनच्या कानी घातले, असे सांगतात. त्याचे नाव टेड थॅक्री. (मराठी वाचकाने आडनाव ऐकून दचकू नये.) त्याचे म्हणणे सरळ होते. लोकांनी लक्ष द्यावे असे वाटत असेल, तर खरीखुरी चुरस हवी आणि अखेर एकच माणूस शिल्लक राहिला पाहिजे. यावरचा उपाय जुगाऱ्यांच्या जगात आधीपासून घोळत होता, आणि त्याचे श्रेय पगी पिअर्सन याला देतात. टेनेसी राज्यातल्या गरिबीत वाढलेल्या आणि शाळा पाचवीतच सुटलेल्या या माणसाने फार पूर्वी असे सुचवले होते, की सर्वांनी सारख्याच रकमेने बसावे, समोरचे संपले की उठावे, पुन्हा पैसे काढून बसण्याची मुभा कोणालाही नसावी, आणि एकाच्या हाती सगळे येईपर्यंत डाव थांबू नये. या पद्धतीला फ्रीझआउट म्हणतात. १९७१ साली तीच मुख्य स्पर्धेला लावण्यात आली. मोजकेच खेळाडू बसले, प्रत्येकाने ५,००० डॉलर भरले आणि ३०,००० डॉलर घेऊन पुन्हा जॉनी मॉसच उठला. आदल्या वर्षी मतांनी जे ठरले होते, ते या वर्षी पत्त्यांनी ठरवले, आणि दोन्ही उत्तरे एकच आली, हा योगायोग मला फार आवडतो. नियम बदलल्यानंतर उत्तर निराळे आले असते, तर त्या जुन्या खेळाडूंनी नव्या नियमालाच खोटे ठरवले असते, असे मला वाटते.

हा नियम दिसायला साधा, पण परिणामाने दूरगामी होता. रोख डावात ज्याच्याकडे गडगंज पैसा असतो तो कितीही वेळा हरून पुन्हा बसू शकतो. फ्रीझआउटमध्ये लक्षाधीश आणि उधारीवर आलेला माणूस एकाच मापाच्या चिप्स, म्हणजे पैशांऐवजी खेळायच्या चकत्या, घेऊन सुरुवात करतात. टेबलावरच्या चिप्स आता पैसे उरत नाहीत, त्या आयुष्यासारख्या होतात. मधेच उठून त्या मोडून घेता येत नाहीत. तरीही दोन चिवट खेळाडू नुसते चांगल्या पानांची वाट पाहत दिवसचे दिवस बसून राहण्याचा धोका असतोच. त्यासाठी पाने पाहण्यापूर्वी काही खेळाडूंना सक्तीने लावावी लागणारी रक्कम ठरावीक काळाने वाढवत नेतात. वाट पाहणे महाग होत जाते, आणि भित्रा माणूस बसल्या जागी झिजून संपतो.

मुख्य स्पर्धेसाठी निवडलेला प्रकारही या नियमाला पूरकच होता. टेक्सास होल्डम हा प्रकार टेक्सासच्या जुगाऱ्यांनी १९६० च्या दशकात लास व्हेगासला आणला होता. त्यात प्रत्येकाला दोन झाकली पाने मिळतात आणि टेबलाच्या मध्यभागी पाच पाने उघडली जातात, आधी तीन, मग एक, मग आणखी एक. या सात पानांतून उत्तम पाच जुळवायची असतात. पैजेच्या फेऱ्या चार. पैजेला मर्यादा नसेल, तर कोणत्याही क्षणी समोरचे सर्वस्व पुढे ढकलता येते. मधली पाच पाने सगळ्यांना सारखीच दिसत असल्यामुळे खेळ पानांचा कमी आणि समोरच्याच्या मनातले ओळखण्याचा जास्त होतो.

१९७२ साली प्रवेशाची रक्कम १०,००० डॉलर झाली आणि पुढे कित्येक दशके तीच राहिली. रुपयाची, डॉलरची किंमत कुठल्या कुठे गेली, पण हा आकडा हलला नाही. त्या वर्षी आठ जण बसले आणि त्यांच्या प्रवेशाच्या रकमेतला निम्मा भार बिनियनने उचलला, कारण एवढे पैसे मोजणारे खेळाडू तेव्हा सहज मिळत नव्हते. शेवटी तिघे उरले: ब्रन्सन, पिअर्सन आणि अमरिलो स्लिम. इथे नव्या नियमाची पहिली खरी परीक्षा झाली, आणि त्या परीक्षेत तो सपशेल नापास झाला. अजिंक्यपद मिळाले म्हणजे वर्तमानपत्रात नाव आणि छायाचित्र छापून येणार. ते ब्रन्सनला नको होते. टेक्सासच्या सनातनी, चर्चभोवती जगणाऱ्या छोट्या गावांत जुगाऱ्याच्या कुटुंबाकडे लोक कोणत्या नजरेने पाहतात हे त्याला पुरेपूर माहीत होते, शिवाय कर खात्याचे लक्ष वेधून घेण्याची हौस त्या धंद्यात कोणालाच नव्हती. पिअर्सनलाही प्रसिद्धीची ओढ नव्हती. स्लिमला मात्र ती मनापासून हवी होती. तिघांनी आपसांत हिशेब मिटवला. ब्रन्सन प्रकृतीचे कारण सांगून बाहेर पडला आणि स्लिमला जिंकू देण्यात आले. पुढे ब्रन्सनने हे स्वतः सांगितले. जाहीर बक्षीस ८०,००० डॉलरचे असले, तरी स्लिमच्या पदरात प्रत्यक्षात त्याहून पुष्कळ कमी रक्कम पडली.

पोकरच्या प्रसाराचा विचार केला, तर हीच लबाडी सर्वांत फलदायी ठरली, हे मान्य केले पाहिजे. उंच, काटकुळा, डोक्यावर रुंद कडांची टोपी आणि तोंडात सतत गावरान म्हणी असलेला स्लिम हा जन्मजात बोलघेवडा होता. जॉनी कार्सनच्या रात्रीच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात तो जाऊन बसला आणि घराघरांतल्या अमेरिकनांना प्रथमच कळले, की व्यावसायिक जुगारी हा हसतमुख, गप्पिष्ट माणूसही असू शकतो. मॉस जिंकला असता तर तो बक्षीस खिशात घालून मुकाट्याने पुढच्या डावावर गेला असता. अजिंक्यपदाला अजिंक्यवीर मिळाला होता. आता त्याला बोलका चेहराही मिळाला.

१९७३ साली तेरा जण आले आणि पिअर्सन आपल्याच कल्पनेच्या नियमाने जिंकला. अंतिम डावात त्याने मॉसला हरवले. सीबीएस वाहिनीने ती स्पर्धा चित्रित केली. खेळाडूची झाकली पाने प्रेक्षकाला दाखवणारा कॅमेरा यायला अजून दोन तपे लागणार होती, त्यामुळे पडद्यावर दिसत होती ती फक्त गंभीर चेहऱ्याची माणसे, सिगारेटचा धूर आणि चिप्सच्या उतरंडी. त्याच वर्षी नेवाडा विद्यापीठाच्या मौखिक इतिहास प्रकल्पासाठी बिनियनची मुलाखत घेण्यात आली. स्पर्धेचे पुढे काय होईल, यावर तो म्हणाला, की पुढच्या वर्षी वीसच्या वर खेळाडू यावेत, आणि कोण जाणे, एक दिवस हा आकडा पन्नासवर किंवा त्याच्याही पुढे जाईल. जुगारात मुरलेल्या माणसाने एवढ्या बेताने पैज लावावी याचे आज हसू येते. २०२३ साली मुख्य स्पर्धेला १०,०४३ खेळाडू होते.

पुढची काही वर्षे भराभर सांगता येतील. १९७४ साली सोळा खेळाडूंत मॉस तिसऱ्यांदा अजिंक्य ठरला, १९७५ साली एकवीस जणांत सेलर रॉबर्ट्स. १९७६ आणि १९७७ ही दोन्ही वर्षे ब्रन्सनची. प्रसिद्धीला भिऊन चार वर्षांपूर्वी उठून गेलेला हाच तो माणूस. मधल्या काळात पोकर खेळणे तितकेसे लाजिरवाणे राहिले नव्हते. दोन्ही वर्षी शेवटच्या डावात त्याच्या हातात दश्शी आणि दुर्री होती, म्हणजे कोणताही शहाणा माणूस न खेळता टाकून देईल अशी जोडी, आणि दोन्ही वेळा तिचेच फुल हाउस, म्हणजे तीन सारखी आणि दोन सारखी पाने, झाले. त्या जोडीला आजही जगभर 'डॉयल ब्रन्सन' म्हणतात. विजेत्याला चषकाऐवजी सोन्याचे कडे देण्याची प्रथा १९७६ पासूनची. ज्यांना दहा हजार डॉलर ही एका रात्रीची पैज वाटे, ती माणसे पुढे हातातल्या त्या कड्यासाठी जीव टाकू लागली.

१९७८ साली नियमात जो बदल झाला, तो मला १९७१ च्या बदलाइतकाच महत्त्वाचा वाटतो, जरी त्याची चर्चा फारशी होत नाही. तोवर सगळी रक्कम एकट्या विजेत्याला मिळत असे; दुसऱ्या क्रमांकाला हात हलवत परत जावे लागे. अशा वेळी अखेरच्या दोघा-तिघांनी टेबलाखालून वाटणी ठरवली नाही तरच नवल. १९७२ साली घडले ते याच रचनेचे फळ होते. १९७८ साली बेचाळीस जणांचे मिळून ४,२०,००० डॉलर जमले आणि ते पहिल्या पाच जणांत वाटायचे ठरले. निम्मे, म्हणजे २,१०,००० डॉलर, विजेत्या बॉबी बाल्डविनला मिळाले. एकूण निधी वाढूनही त्याची रक्कम आदल्या वर्षीच्या ब्रन्सनच्या ३,४०,००० डॉलरहून बरीच कमी होती. वाटणी उघड झाली आणि दहा हजार डॉलर भरून येणाऱ्या परक्या माणसाला काही तरी हाती लागण्याची आशा निर्माण झाली. मुख्य स्पर्धेत पहिली स्त्री, बार्बरा फ्रीअर, बसली तीही याच वर्षी. स्त्रियांसाठी वेगळी स्पर्धा त्याच्या आदल्या वर्षी सुरू झाली होती.

लगेच पुढच्या वर्षी चौपन्न खेळाडू आले, म्हणजे बिनियनने वर्तवलेला पन्नासचा आकडा सहाच वर्षांत मागे पडला, आणि जे व्हायला नको असे व्यावसायिकांना वाटत होते तेच झाले. हॅल फाउलर हा हौशी खेळाडू अंतिम डावापर्यंत पोहोचला. समोर बॉबी हॉफ हा मुरलेला व्यावसायिक होता. शेवटच्या डावात हॉफच्या हातात दोन एक्के होते, याहून चांगली सुरुवात या खेळात नाही. फाउलरकडे सत्ती आणि छक्की. मधली तीन पाने उघडली ती गुलाम, तिर्री आणि पंजी. फाउलरला मधोमध एकच पान हवे होते, चौव्वी. ती पुढच्याच पानाला आली. २,७०,००० डॉलर घेऊन फाउलर गेला आणि पोकरच्या मोठ्या टेबलांवर पुन्हा तसा चमकला नाही. जाणकार हळहळले. मला मात्र वाटते, की फ्रीझआउट हा नियम श्रेष्ठ खेळाडू ठरवण्यासाठी आणला गेला असला, तरी त्याची खरी देणगी निराळीच होती. तो श्रेष्ठ कोण हे सांगत नाही, तो फक्त शेवटी कोण उरला हे सांगतो. मतदानाने फाउलरला शंभर वर्षांत निवडले नसते.

१९८० साली याच्या उलट बाजूचे दर्शन घडले. न्यूयॉर्कचा सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, शाळकरी पोरासारखा दिसणारा स्टू अंगर हा जिन रमीचा असा खेळाडू होता, की त्याच्याशी पैसे लावून बसायला कोणी तयार होईना. गिऱ्हाईक उरले नाही म्हणून तो पोकरकडे वळला. त्र्याहत्तर जणांच्या स्पर्धेत तो अखेरीस ब्रन्सनसमोर येऊन बसला. शेवटच्या डावात ब्रन्सनकडे एक्का-सत्ती होती आणि मध्ये एक्का, सत्ती, दुर्री उघडली, अंगरकडे पंजी-चौव्वी. पुढचे पान तिर्री आले आणि एक्क्यापासून पंजीपर्यंतची सलग पाने अंगरच्या हाती जुळली. पुढच्या वर्षीही तोच जिंकला. फाउलरसारखेच त्यालाही नेमके हवे ते पान लागले होते. पण अंगरबद्दल कोणी नशिबाचे नाव काढत नाही. त्याचे उत्तरायुष्य अमली पदार्थांनी पोखरले, १९९७ साली तो तिसऱ्यांदा अजिंक्य ठरला, आणि पुढच्याच वर्षी लास व्हेगासमधल्या एका मोटेलच्या खोलीत एकाकी मरण पावला. तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

खेळाडूंचा आकडा खऱ्या अर्थाने फुगला तो सॅटेलाइटमुळे. दहा हजार डॉलर एकरकमी मोजणे बहुतेकांना अशक्य होते; मग दहा जणांनी प्रत्येकी हजार-हजार भरून एक छोटे फ्रीझआउट खेळावे आणि जिंकणाऱ्याला मुख्य स्पर्धेतली जागा मिळावी, ही युक्ती स्पर्धेच्या तेव्हाच्या संचालकाने काढली. आपल्याकडच्या भिशीशी तिचे दूरचे नाते लागते. फरक एवढाच, की इथे पाळी ठरलेली नसते, ती जिंकावी लागते. १९८३ साली एकशे आठ खेळाडूंत शेवटी जे दोघे उरले, ते टॉम मॅकएव्हॉय आणि रॉड पीट, दोघेही अशाच सॅटेलाइटमधून आलेले होते. मॅकएव्हॉय हा मिशिगनमधला हिशेबनीस. त्या दोघांची झुंज सात तासांहून अधिक चालली. तिसऱ्या क्रमांकावर ब्रन्सन होता, सहाव्यावर आयर्लंडचा डॉनका ओडे, ज्याने १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये पोहण्याच्या शर्यतीत भाग घेतला होता. टेक्सासच्या चार-सहा मित्रांचा मेळावा कुठून कुठे गेला, हे त्या एका टेबलाकडे पाहून कळावे.

१९८२ हे वर्ष मी मुद्दाम मागे ठेवले. त्या वर्षी प्रथमच खेळाडूंनी शंभरी ओलांडली, एकशे चार झाले. त्यांत जॅक स्ट्रॉस हा साडेसहा फूट उंचीचा, दाढीवाला टेक्सासचा जुगारी होता. स्पर्धेच्या सुरुवातीच्या टप्प्यात एका डावात त्याने आपल्या सगळ्या चिप्स पुढे ढकलल्या आणि हरला. उठायला म्हणून तो वळला, तेव्हा टेबलावरच्या कागदी रुमालाखाली एक चिप राहून गेलेली त्याला दिसली. ती पाचशेची होती. नियमाचा कीस पडला. स्ट्रॉसने चिप्स ढकलल्या होत्या, पण 'ऑल इन', म्हणजे 'सगळे लावले', हे शब्द तोंडाने उच्चारले नव्हते. म्हणून ती चिप त्याचीच ठरली, आणि म्हणून तो अजून संपला नव्हता. त्या एका चिपवरून तो खेळत गेला आणि शेवटी ५,२०,००० डॉलर जिंकून उठला. प्रसंगाचे तपशील सांगणाऱ्यागणिक थोडे बदलतात, पण 'एक चिप आणि एक खुर्ची' हा पोकरमधला वाक्प्रचार त्या विजयाशी कायमचा जोडला गेला आहे.

सहा वर्षांनी, १९८८ च्या ऑगस्टमध्ये, लॉस एंजेलिसजवळच्या एका कार्ड क्लबमध्ये मोठ्या पैजेच्या डावात बसलेला असतानाच स्ट्रॉसला मृत्यूने गाठले. वय अठ्ठावन्न. तो डाव स्पर्धेचा नव्हता, रोख पैशांचा होता.